आम्ही कुठे क्रिएटिव्ह!



इथे इंग्लंडमध्ये नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवताना मी दर वर्षी विचारते, स्वतःला क्रिएटिव्ह कोण समजतं? यंदा पंचवीस जणांत तीन हात वर आले. एक गिटार वाजवते, एक केक सजवते, तिसरा कविता करतो. म्हणजे तिघांचीही कला वॉर्डाबाहेरची! बाकीचे म्हणतात, "आमचं काम प्रोटोकॉलप्रमाणे, स्वतःचं डोकं चालवलं तर पेशंट जायचा." औषधाच्या डोसबाबत ते शंभर टक्के खरंय.

मग मी सिस्टर वॉर्डची गोष्ट सांगते. १९५६ साली इसेक्समधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात ही बाई अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात न्यायची. (आपल्या आज्या कोवळं ऊन दाखवायच्या, तसंच.) कावीळ झालेल्या एका बाळाचं अंग उजळलं, पण चादरीखाली झाकलेला भाग तेवढा पिवळाच राहिला. तिने तो डॉक्टरांना दाखवला. १९५८ मध्ये तिथल्या डॉक्टरांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. आजच्या फोटोथेरपीची सुरुवात ती.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण तिने केलं काय? नुसतं नीट पाहिलं ना!"

हीच मुलगी बरं का! गेल्या महिन्यात तिच्या वॉर्डात एक आजोबा होते, स्ट्रोकने वाचा गेलेली. चार दिवस कागदोपत्री 'अस्वस्थ, असहकार'. हिने जेवणाच्या मेन्यूकार्डांच्या पाठीवर चित्रं काढली: चष्मा, कप, पांघरूण, संडास, खिडकी. आजोबांनी खिडकीवर बोट ठेवलं. पडदा उघडा हवा होता, बस्स. त्या दिवशी ते जेवले.

मला हे आजोबांच्या बायकोकडून कळलं. आणि मी मास्तरीण काय विचारते? "कार्डं लॅमिनेट केली होतीस का? इन्फेक्शन कंट्रोलला विचारलंस?" नियम खरा आहे, पण पहिलं वाक्य ते नको होतं. पोरीचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली आणि म्हटलं, हे तुझ्या पोर्टफोलिओत लिही.

"त्यात लिहिण्यासारखं काय? मला चित्रं येतच नाहीत."

काल तिने पानं आणून दिली. कार्डांची हकिगत 'संवाद' या सदराखाली, अगदी चार ओळीत. 'सर्जनशीलता' या चौकटीत लिहिलंय, 'लागू नाही'.

पोर्टफोलिओ अजून माझ्या टेबलावर आहे. सोमवारी तिला बोलावलंय.