फिट येणार, हे श्वानाला कळते?

अपस्माराच्या रुग्णासाठी प्रशिक्षित श्वान घ्यायचा म्हटले, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘फिट येण्याआधी तो सांगेल ना?’ नेमकी त्याचीच हमी देता येत नाही. फिट आल्यावर भुंकून घरच्यांना बोलावणे, गजराचे बटण दाबणे, रुग्णाजवळ थांबणे हे शिकवता येते. पूर्वसूचना मात्र काही श्वान सहवासातून आपसूक देऊ लागतात, तर काही कधीच देत नाहीत.

२०२४ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात नेदरलँड्समधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराचे २५ रुग्ण त्यात होते. संख्या लहानच; पण श्वान आल्यानंतर फिट येण्याचे प्रमाण सरासरी ३१ टक्क्यांनी घटले. सात जणांत ते निम्मे किंवा त्याहूनही कमी झाले. सोबतीने ताण हलका होतो, हे त्यामागचे एक कारण असू शकेल. औषधे अर्थातच सुरू ठेवावी लागतात.

काहींनी मात्र अभ्यास संपण्याआधीच श्वानाची साथ सोडली. त्याला फिरवणे, खाऊ घालणे, शिकवलेल्याचा सराव टिकवणे हे काम अखेर त्याच घरावर येते, जिथे एक माणूस आधीच रात्रंदिवस रुग्णावर लक्ष ठेवून थकलेला असतो.