अँप्लिफायरची जवारी

माझ्याकडे दोन अँप्लिफायर आहेत. एक मी स्वतः जोडलेला, व्हॉल्व्हचा. जोरात लावला की तो चांगले तीन टक्के डिस्टॉर्शन देतो. दुसरा विकतचा, ट्रान्झिस्टरचा. त्याच्या माहितीपत्रकावर तोच आकडा ०.००५ टक्के छापला आहे. रात्री गाणे ऐकायला बसलो की हात पहिल्याकडेच जातो. उभा जन्म इलेक्ट्रॉनिक्समध्ये काढलेल्या माणसाला हे कबूल करताना थोडे ओशाळायला होते.

डिस्टॉर्शन म्हणजे मूळ आवाजात नसलेले काहीतरी अँप्लिफायरने पदरचे घालणे. किती घातले ते आकडा सांगतो. काय घातले ते सांगत नाही, आणि सारी गोम तिथेच आहे. अँप्लिफायरला निखळ षड्ज द्या. दुप्पट कंपनांचा जो उपस्वर त्यात मिसळतो तो तार षड्ज, तिप्पट कंपनांचा त्याच्या वरचा पंचम, पाचपट कंपनांचा गंधार. तंबोऱ्यात ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो तोच. हे पाहुणे घरच्यासारखे वागतात. सातवा, अकरावा, तेरावा मात्र कुठल्याच स्वरावर नीट बसत नाहीत. एकाच व्हॉल्व्हवर भागवणाऱ्या साध्या सर्किटमध्ये भर पडते ती मुख्यतः तार षड्जाची. ट्रान्झिस्टरच्या जोडीत लाटेचा वरचा अर्धा भाग एकाने उचलायचा, खालचा दुसऱ्याने. सांधा नीट जुळला नाही तर तिथे बारीक खाच पडते आणि नको ते वरचे उपस्वर उपजतात. शिवाय आवाज कमी केला तरी खाच जवळजवळ तेवढीच राहते. म्हणजे पूर्ण ताकदीवर मोजलेला आकडा देखणा, आणि विलंबित आलापीत, जिथे सूर हळुवार, तिथेच खुपणार.

हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. प्रत्येक उपस्वराला त्याच्या क्रमांकाच्या वर्गाप्रमाणे वजन द्यावे, असे बीबीसीच्या डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० मध्येच सुचवले होते. त्या हिशेबात दुसऱ्याला १ गुण धरला तर सातव्याला १२ हून अधिक. पण एकच आकडा छापायला सोपा! सत्तरच्या दशकात दशांश चिन्हापुढची शून्ये वाढवण्याची शर्यतच लागली.

इथवर माझी बाजू भक्कम वाटते. पण १९७८ मध्ये इंग्लंडात जेम्स मॉयर यांनी क्वाडचे तीन अँप्लिफायर, एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे, जाणत्या श्रोत्यांना ओळख न देता ऐकवले. कोणता कुठला, हे त्यांना सांगता आले नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत बॉब कार्व्हर यांनी याहून गंमत केली. हॉटेलच्या खोलीत बसून त्यांनी आपला ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर एका महागड्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरबरहुकूम जुळवला. दोघांच्या आवाजांची वजाबाकी करायची, आणि बाकी जवळजवळ शून्य होईपर्यंत सर्किट बदलत राहायचे. ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या कानांना मग फरक कळेना. म्हणजे ज्याला मोजमापापलीकडचे माधुर्य म्हणत होते, ते मोजून दुसऱ्या डब्यात भरता आले.

गेल्या दिवाळीत मीही परीक्षा दिली. व्होल्टमीटर लावून दोघांचा आवाज सारखा केला, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच गोड लागतो. (दुकानदारांना हे चांगले माहीत असते. एकाने मला महागडा अँप्लिफायर असाच दोन पायऱ्या चढवून ऐकवला होता, आणि मी भुललो होतो.) पडद्यामागे मुलगी बटण फिरवत होती. जोरकस तानांत मी व्हॉल्व्ह बरोबर ओळखला. आमच्या रोजच्या, शेजाऱ्यांना झोपू देणाऱ्या आवाजात मात्र माझी उत्तरे छापाकाट्याइतकीच खरी निघाली. ‘बाबा, तुम्ही दिवा बघून ऐकता,’ मुलगी म्हणाली.

म्हणून माझे मत आता असे आहे. अँप्लिफायर हे वाद्य नव्हे. जवारी मिरजेच्या कारागिराने लावली, गवयाने दोरा सरकवून ती मनासारखी केली आणि ती ध्वनिमुद्रणात आलीही. माझा अँप्लिफायर तिच्यावर आणखी एक जवारी चढवतो. ती मला आवडते, पानात वरून मीठ घ्यावे तशी मी घेतोही. पण बनवणाऱ्याने आधी निर्मळ अँप्लिफायर करावा, मग हवी तर जाणूनबुजून भर घालावी, आणि दुसरा, तिसरा, सातवा उपस्वर किती, तेही हळू आवाजात मोजून, माहितीपत्रकावर छापावे. ‘हे मोजता येत नाही’ म्हणून लाखाची किंमत लावू नये.

व्हॉल्व्हचा अँप्लिफायर काढून टाकणार का, असे मुलगी विचारते. नाही. फक्त ऐकताना हल्ली मी खोलीतला दिवा मालवत नाही. काळोखात व्हॉल्व्ह फारच सुरेख दिसतात.