सरकार बदलले की प्रार्थनाही बदलायची का?



रविवारच्या मिस्सेत विश्वासूंच्या प्रार्थनांमध्ये एक विनंती राज्यकर्त्यांसाठी असते. पोपमहाशयांसाठीची विनंती नीट वाचली जाते, आजाऱ्यांच्या विनंतीला सगळ्यांचे कान टवकारतात, आणि ही मधली मात्र कशीबशी उरकली जाते. आता तर काही जण विचारतात, "ज्यांनी आमच्याविरुद्ध कायदा आणला, त्यांच्यासाठी आम्ही का म्हणून गुडघे टेकायचे?" अनगोळातही हा प्रश्न ऐकू येतो, आणि विचारणाऱ्यांचे दुःख खोटे नाही.

डिसेंबर 2021 मध्ये आपल्याच गावच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरले होते. 21 तारखेला धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मांडले गेले आणि 23 तारखेला, नाताळच्या तोंडावर, मंजूर झाले. 2022 मध्ये त्याचा कायदा झाला. धर्म बदलायचा असेल तर 30 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे. गुन्ह्याला 3 ते 5 वर्षे कैद. समोरची व्यक्ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर 10 वर्षांपर्यंत. 'आमिष' या शब्दात धार्मिक संस्थेच्या शाळेतले मोफत शिक्षणसुद्धा बसवले. वर, आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच. आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणाऱ्या माणसालाही धास्ती वाटावी, असा हा कायदा आहे. आम्ही त्याला अन्याय्यच म्हणतो.

पुढे सरकार बदलले. 15 जून 2023 रोजी नव्या मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला, आणि काय आश्चर्य! ज्यांच्या तोंडून राज्यकर्त्यांसाठी शब्द फुटत नव्हता, त्यांना एकाएकी प्रार्थनेचा उमाळा आला. आमचा वाद इथेच आहे. आपल्या मनासारखा मुख्यमंत्री आला की प्रार्थना, नाही तर मौन, याला पक्षाचे प्रेम म्हणतात. प्रार्थना म्हणत नाहीत.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच, राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले आहे. अधिकारी चांगला असेल तर, अशी अट तिथे नाही. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा नीरो हा पौलाच्याच काळातला सम्राट. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या संत क्लेमेंटने करिंथकरांना पत्र लिहिले, त्यातही सत्ताधाऱ्यांना आरोग्य, शांती आणि ऐक्य मिळावे अशी प्रार्थना आहे. नीरोचा छळ तेव्हा लोकांच्या आठवणीतला होता. गुड फ्रायडेच्या दहा मोठ्या प्रार्थनांतली नववी सार्वजनिक पदांवरील व्यक्तींसाठी आहे. ज्या दिवशी पिलाताने दिलेला निकाल आपण वाचतो, त्याच दिवशी.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींनीही फार खूश होऊ नये. निवडणूक जवळ आली की उमेदवाराला पहिल्या बाकावर बसवायचे, शाल घालायची आणि त्याच्या नावाने विनंती वाचायची, ही निव्वळ खुशामत आहे. (शाल कोणाच्या पैशाने, हे विचारायला हवे.) आणि "देवा, त्यांना सुबुद्धी दे" असे दात-ओठ खाऊन म्हणणे म्हणजे वेदीसमोर टोमणा मारणे.

प्रार्थना केली म्हणजे गप्प बसायचे, असेही नाही. नाथान दाविदासमोर उभा राहिला, योहान हेरोदासमोर. निवेदन द्यावे, न्यायालयात जावे, मत द्यावे. पण ज्याच्यासाठी आपण सकाळी प्रार्थना केली, त्याच्याकडे दुपारी निवेदन घेऊन जाताना तोंडात शिवी राहत नाही. राहिली तर सकाळची प्रार्थना तपासून पाहावी.

1 नोव्हेंबरला आपल्याकडे सर्व संतांचा सण असतो. बाहेर एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी माणसाचा काळा दिवस. त्या दिवशी मिस्सेत कुठल्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांचे नाव घ्यायचे, असा पेच काही जण टाकतात. आमचे उत्तर सोपे आहे: दोघांचीही नावे घ्या, आणि आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाचेही.