शेतात उभे असलेल्यांना शेतीची पदवी का नाही?

नोकरी सांभाळून, दूरशिक्षणाने कृषी विषयातील पदवी मिळवता येईल का, या प्रश्नाचे भारतातील उत्तर जून 2019 पासून नकारार्थी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या महिन्यात दूरशिक्षणाद्वारे कृषी पदवी देण्यास मनाई करण्याचा निर्णय घेतला. पुढे 4 सप्टेंबर 2020 रोजी अधिसूचित झालेल्या मुक्त, दूर व ऑनलाइन शिक्षणविषयक नियमावलीने ती मनाई पक्की केली. वैद्यक, अभियांत्रिकी, परिचर्या, औषधनिर्माण, वास्तुरचना, विधी यांच्या पंगतीत कृषी आणि उद्यानविद्या जाऊन बसल्या. कारण एकच सांगितले गेले. हे शिक्षण तांत्रिक स्वरूपाचे आहे, प्रयोगशाळा आणि प्रात्यक्षिकांवाचून ते पुरे होत नाही. कागदावर हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. तेलंगणातील मुधोळसारख्या गावातून पाहिले, की त्यातील एक गृहीतक खटकू लागते.

मुधोळ म्हटले की गोव्यातील वाचकाला बागलकोट जिल्ह्यातील संस्थानी मुधोळ आणि तेथील शिकारी कुत्रे आठवतात. हे मुधोळ ते नव्हे. हे गाव पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील, ऑक्टोबर 2016 मध्ये झालेल्या पुनर्रचनेपासून निर्मल जिल्ह्यात असलेले. गोदावरीकाठचे बासर आणि तेथील सरस्वती मंदिर जवळच आहे, आणि पलीकडे नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतरही हा भाग नांदेड जिल्ह्यातच होता. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली, तर आदिलाबादमधील किनवट, राजुरा आणि इस्लापूर मराठी प्रदेशाकडे आले. रेषा बदलली तरी घरातील भाषा बदलली नाही. आजही या पट्ट्यात मराठी, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. काळ्या जमिनीवरचे कापूस आणि सोयाबीनही रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखेच.

अशा गावात शेतीचे व्यावसायिक शिक्षण कोणाला हवे असते? सर्वांत आधी कृषी विस्तार अधिकाऱ्याला. तेलंगणा सरकारने सुमारे 5,000 एकरांमागे एक समूह ठरवून प्रत्येक समूहासाठी ‘रैतू वेदिका’ उभारली. राज्यभरात अशा 2,601 इमारती आहेत आणि प्रत्येक समूहाचा भार एका विस्तार अधिकाऱ्यावर आहे. या पदावर कृषी पदवीधर येतात, तसेच कृषी पदविकाधारकही येतात. पदविकाधारकाला पदवी हवी असते, पदवीधराला एम.एस्सी. हवी असते. यामागे पगारवाढीची आणि बढतीची इच्छा असते हे खरे, आणि त्यात गैर काही नाही. पण केवळ तेवढेच नसते. गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला का जुमानत नाही, कोणते कीटकनाशक कशात मिसळू नये, हे शेतकरी रोज विचारतो, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वी शिकलेले उत्तर आज पुरत नाही.

या अधिकाऱ्यापुढे नियमानुसार एक वाट मोकळी आहे. पदविकाधारकांसाठी प्रा. जयशंकर तेलंगणा कृषी विद्यापीठाची ‘अ‍ॅग्रिसेट’ ही प्रवेश परीक्षा आहे. ती उत्तीर्ण झाल्यास बी.एस्सी. (ऑनर्स) कृषीला प्रवेश मिळतो, पण तो पूर्णवेळ, महाविद्यालयात राहून. एम.एस्सी.ची दोन वर्षेही तशीच. हैदराबादचे राजेंद्रनगर मुधोळपासून दोनशे किलोमीटरांच्या पुढे आहे. घरी म्हातारे आईवडील, शाळकरी मुले आणि स्वतःची चार एकर जमीन असलेल्या माणसाला दीर्घ रजा मिळाली तरी परवडतेच असे नाही. रजा न मिळणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्याचा, बँकेच्या कृषी कर्ज विभागात काम करणाऱ्याचा किंवा बियाणे कंपनीच्या क्षेत्र प्रतिनिधीचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

सीमेपलीकडे एकेकाळी दुसरी वाट होती. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, 1989 मध्ये स्थापना झाल्यानंतर, कृषिविज्ञान विद्याशाखेमार्फत मराठीतून शेतीचे शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग केला. माळी प्रशिक्षणासारख्या प्रमाणपत्रापासून पदविकेपर्यंत आणि तेथून पदवीपर्यंत पायरीपायरीने जाण्याची ती रचना होती. शाळा अर्ध्यावर सोडलेला शेतकरीही त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर पाय ठेवू शकत असे. नांदेडला या विद्यापीठाचे विभागीय केंद्र आहे, आणि मुधोळच्या मराठी माणसाला नांदेड हैदराबादपेक्षा केव्हाही जवळचे. 2019 च्या निर्णयाने जिन्याची वरची पायरी काढली गेली. राज्य मुक्त विद्यापीठांनी आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्रे चालवू नयेत, हा प्रादेशिक मर्यादेचा नियम तर त्याआधीपासूनच होता. म्हणजे भाषा सारखी, पीक सारखे, जमीन सारखी. अभ्यासकेंद्र मात्र सीमेच्या अलीकडे येऊ शकत नाही.

उरले काय? योगायोग असा, की देशातील कृषी विस्तार व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था, ‘मॅनेज’, तेलंगणातच, राजेंद्रनगरला आहे. तिने 2007 मध्ये सेवेत असलेल्या विस्तार अधिकाऱ्यांसाठी कृषी विस्तार व्यवस्थापनाची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने सुरू केली. सरकारी अधिकाऱ्यांना ती शुल्काविना करता येते. संपर्कवर्ग असतात, स्वाध्याय असतात, स्वतःच्या कार्यक्षेत्रावर प्रकल्प लिहावा लागतो. निविष्ठा विक्रेत्यांसाठी 2003 पासून याच संस्थेची ‘देसी’ ही पदविका आहे. ती 48 आठवड्यांची, आठवड्यातून एक दिवस, 40 वर्गसत्रे आणि 8 क्षेत्रभेटी अशी बेतलेली. दुकान बंद न ठेवता शिकता यावे, म्हणून वर्ग सुटीच्या किंवा बाजार बंद असण्याच्या दिवशी घेतात. खतविक्रीच्या परवान्यासाठी अशा शिक्षणाला मान्यता आहे.

या ‘देसी’चे मोल कळायला 2017 चा यवतमाळ आठवावा. आदिलाबादला लागून असलेल्या त्या जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले होते. गावात कीटकनाशकाचा सल्ला बहुतेक वेळा दुकानाच्या गल्ल्यावरच मिळतो. तो देणारा माणूस शिकलेला असणे ही तेथे जीवनमरणाची बाब आहे. आणि त्याला शिकवण्यासाठी सरकारने कोणती पद्धत निवडली? काम करता करता, गावाजवळ, आठवड्यातून एक दिवस. प्रात्यक्षिकासाठी शेतात नेऊन. पदविकेसाठी जी पद्धत चालते ती पदवी म्हटले की अशास्त्रीय ठरते, हे कोडे आयोगाच्या नियमावलीत सुटत नाही.

आयोगाची बाजू पोकळ आहे असे मात्र म्हणता येणार नाही. प्रयोगशाळेचे तोंड न पाहता मिळालेल्या तांत्रिक पदव्यांनी या देशात पुरेसा घोळ घातला आहे. काही अभिमत विद्यापीठांनी मान्यतेविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोखल्या, तेव्हा नोकरीत स्थिरावलेल्या कित्येकांच्या पायाखालची जमीन सरकली. बारावीनंतर थेट येणाऱ्या, मातीचा नमुना कसा घ्यावा हेही न पाहिलेल्या विद्यार्थ्याला पुस्तके पाठवून कृषी पदवीधर करू नये, हे मान्यच. पण नियमाने त्या विद्यार्थ्यात आणि पंधरा वर्षे कपाशीच्या ओळीतून फिरलेल्या विस्तार अधिकाऱ्यात भेद केलेला नाही. त्याने पदवी आणि पदव्युत्तर पदवी यांतही भेद केलेला नाही. खरी चूक येथे आहे.

अन्यत्र हा भेद केला जातो. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाचा कृषिविद्येचा एम.एस. अभ्यासक्रम नोकरदार कृषितज्ज्ञांसाठी दोन दशकांहून अधिक काळ दूरशिक्षणाने चालू आहे. नेदरलँड्समधील वाखनिंगन विद्यापीठ वनस्पती पैदास शास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण ऑनलाइन देते, आणि प्रात्यक्षिकापुरते विद्यार्थ्याला संकुलात बोलावते. दोन्हीकडे विद्यार्थी आधीच पदवीधर आणि बहुधा त्याच क्षेत्रात काम करणारा असतो. भारतातही दूरशिक्षणाच्या पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे मुधोळचा कृषी अधिकारी आज इग्नूमधून ग्रामीण विकासाची एम.ए. करू शकतो आणि ती पूर्ण पदवी मानली जाते. ज्या विषयात तो रोज राबतो, त्यातली तेवढी मिळत नाही!

येथे एक घटनात्मक पेचही आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. कृषी शिक्षण व संशोधन हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील चौदाव्या क्रमांकाचा विषय आहे. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे मात्र संघसूचीत येते, आणि आयोग त्याच आधारावर बोलतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषद अभ्यासक्रम आखते, अधिस्वीकृती देते; पण वैद्यक किंवा विधी शिक्षणाला आहे तशी कायद्याने स्थापन झालेली नियामक परिषद कृषी शिक्षणाला नाही. सेवेतील अधिकाऱ्यांसाठी अर्धे शिक्षण दुरून आणि अर्धे कृषी विज्ञान केंद्रावर किंवा संशोधन केंद्रावर, असा अभ्यासक्रम मागायचा तर दार नेमके कोणाचे ठोठवायचे, हेच ठरलेले नाही. खुद्द मुधोळला देशी कापसावर काम केलेले कृषी संशोधन केंद्र आहे. आठवडाभराच्या प्रात्यक्षिक शिबिरासाठी याहून योग्य जागा शोधायला दूर जावे लागू नये.

गोव्यासाठी हा प्रश्न परक्या राज्याचा नाही. राज्यात कृषी विद्यापीठ नाही, राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यापीठ नाही. 2015 मध्ये सुळकर्णे येथे खासगी कृषी महाविद्यालय सुरू होईपर्यंत बी.एस्सी. कृषीसाठी दापोली किंवा धारवाड गाठावे लागे. कृषी खात्यातील अधिकाऱ्याला एम.एस्सी. करायची तर रजा काढून राज्याबाहेर जाण्याची पाळी आजही येते. जुने गोवे येथील एला फार्मवर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची किनारपट्टी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे शास्त्रज्ञ आहेत, प्रक्षेत्र आहे. डिचोलीच्या किंवा काणकोणच्या विभागीय कृषी कार्यालयातून तेथे सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. तेथे पंधरा दिवस प्रात्यक्षिक करून उरलेले शिक्षण दुरून घेण्याची परवानगी देणारी तरतूद मात्र आजच्या नियमावलीत नाही, आणि ती मागणारा प्रस्ताव एकट्या गोव्याने पाठवण्यापेक्षा तेलंगणासारख्या राज्याच्या साथीने पाठवला तर दिल्लीत त्याला वजन येईल.