साखर: इंधन की निरोप?

सरोजिनी नगरच्या भाजीबाजारात हिवाळ्यात येणारा हिरवा वाटाणा दोन दिवस घरात राहिला की त्याची गोडी उतरते. तोडलेल्या शेंगेला पानांकडून साखर मिळेनाशी होते, तिचे श्वसन मात्र चालूच राहते. उरलेल्या साखरेपैकी काही जळते, काहीचे पिष्ट होते. शालेय उत्तर येथे संपते. आक्षेप आहे तो नेमका त्यावरच.

साखर सरत आल्याची वार्ता पेशीच्या केंद्रकालाही कळते. ॲस्पॅरॅगसचा कोंब कापल्यावर काही तासांतच शेंड्यातील साखर घटते आणि ॲस्पॅराजिन घडवणाऱ्या विकराचे जनुक जोमाने कार्यरत होते. वनस्पती आता प्रथिने मोडून श्वसन चालवते आणि त्यातून सुटलेला नायट्रोजन ॲस्पॅराजिनच्या रूपात सांभाळते. हा नुसता ऱ्हास नव्हे, टंचाईतील कारभार आहे.

साखर हा निरोप असल्याचा सर्वांत देखणा पुरावा 2003 मधला. हेक्सोकायनेज हे विकर ग्लुकोजला फॉस्फेट जोडून श्वसनाच्या वाटेला लावते. संशोधकांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील रोपात त्याची ही क्षमताच नष्ट केली. तरीही ग्लुकोज वाढताच प्रकाशसंश्लेषणाची जनुके दबली. विकराला साखर जाळता येत नव्हती, पण ओळखता येत होती! याउलट, साखर आटली की किन-10 हे प्रथिन सुमारे हजार जनुकांची घडी बदलते, हे 2007 मध्ये दिसले.

सरोजिनी नगरपासून थोड्याच अंतरावर, अरुणा असफ अली मार्गावरील राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेत ग्लुकोज आणि ऑक्सिन मिळून मुळांची वाढ व दिशा कशी ठरवतात, यावर काम झाले आहे. एनसीईआरटीच्या पुस्तकांत मात्र श्वसन अकरावीत आणि जनुक-अभिव्यक्ती बारावीत. मधली भिंत अभ्यासक्रमाने बांधली आहे, वनस्पतीने नव्हे.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला तर ही भिंत अधिकच खुपायला हवी. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी उसाचे एक पान उघडे ठेवून बाकीची झाकली, तेव्हा त्या पानातील ग्लुकोज-फ्रुक्टोज घटले आणि प्रकाशसंश्लेषण वाढले. म्हणजे पान किती राबेल हे बरेचसे कांडे साखर किती ओढून घेते यावर ठरते. मग उसाचा उतारा वाढवताना शोध पानात घ्यावा की कांड्यात, हा प्रश्न कोल्हापूर-सांगलीच्या वर्गांत अकरावीतच विचारला गेला पाहिजे.