घास रुग्णाचा, सही आप्तांची

पक्षाघात, कंपवात किंवा वार्धक्यांतील स्मृतिभ्रंश यांमुळें गिळण्याची क्रिया बिघडली म्हणजे अन्नपाण्याचा अंश अन्ननलिकेऐवजीं श्वासनलिकेंत जाऊं लागतो आणि न्यूमोनियाचें भय उत्पन्न होतें. अशा वेळीं आमच्या सुशिक्षित घरांतूनहि काय घडतें? डॉक्टर मुलाला बाहेर बोलावतात, मुलगा कागदावर सही करतो आणि वडिलांच्या नाकांत नळी जाते. शुद्धीवर असलेल्या वडिलांना मात्र कोणी विचारीत नाहीं!

या प्रघाताला आम्ही प्रेम म्हणतों. कायदा त्याला संमति म्हणत नाहीं. समीरा कोहली खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, प्राणावर बेतलेला तातडीचा प्रसंग नसेल तर सज्ञान व विचारक्षम रुग्णाच्या वतीनें त्याच्या आईनेंहि दिलेली संमति चालत नाहीं. लाभ, धोके, पर्याय आणि नकाराचे परिणाम समजल्यावांचून दिलेला होकारहि खरा होकार नव्हे.

'रुग्णाला काय कळतें?' असा आक्षेप येईल. परंतु वाचा गेली म्हणजे बुद्धि गेली, हा तर्कच खोटा आहे. ज्याची जीभ अडखळते, तो चित्रावर बोट ठेवून वा मान हलवून पुष्कळदां आपला निर्णय सांगूं शकतो. आकलन खरोखरच उरलें नसेल, तर त्याची पूर्वींची इच्छा शोधावी.

'पण जिवाचा प्रश्न आहे!' आहेच, म्हणून तर दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. पक्षाघातानंतर कांहीं दिवस नळी पुष्कळांना उपकारक ठरते. परंतु नळी घातली तरी तोंडांतली लाळ श्वासनलिकेंत जावयाची थांबत नाहीं. दाट केलेलें पाणी श्वासनलिकेंत कमी उतरतें. पण तें अनेकांना नकोसें होतें, पिणेंच कमी होतें आणि शरीर शुष्क पडतें. पराकोटीच्या स्मृतिभ्रंशांत तर नळीपेक्षां हातानें जपून भरविणेंच बरें, असें अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीनें २०१४ सालीं सांगितलें आहे.

हें सारें समजून एखाद्या वृद्धानें 'धोका पत्करतों, पण चहा तोंडानेंच घेईन' असें म्हटलें, तर तो हट्ट नव्हे, निर्णय होय. त्याला ताठ बसवून लहान घोट देणें, त्याचें मुख स्वच्छ ठेवणें, हें कर्तव्य त्यानंतरहि उरतेंच. नकार ऐकून रुग्णास वाऱ्यावर सोडणें हा निराळाच अपराध आहे.

आमच्या पंगतींत आग्रहाला मान आहे. तरीहि पाहुण्यानें पानावर आडवा हात धरला कीं वाढपी थांबतो. जी सभ्यता आम्ही पाहुण्याला दाखवितों, ती अंथरुणावरच्या बापाला नाकारण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?