भुकेल्या माणसाकडे बघणारा सिनेमा

रामेनचा वाडगा समोर आला की आधी काय, सूप की नूडल्स? तरुण शिष्याच्या या प्रश्नावर म्हातारे गुरुजी सांगतात, आधी नुसतं बघायचं. सुपावर चकाकणारे तेलाचे थेंब, बांबूच्या कोंबांवरची झिलई, हळूहळू भिजत खाली जाणारी समुद्रशेवाळाची पट्टी, वर तरंगणारी कांद्याची पात. आणि डुकराच्या मांसाचे तीन काप. सगळ्या वाडग्याची भिस्त त्यांच्यावर, पण ते पुढेपुढे करत नाहीत. मग काड्यांची टोकं सुपावरून अलगद फिरवायची, कारण खाण्याआधी माया दाखवायची असते. मांसाचा एक काप उचलून वाडग्याच्या उजव्या कडेला सुपात बुडवून ठेवायचा आणि मनातल्या मनात त्याची माफी मागायची, की तुझ्याकडे जरा वेळाने येतो. त्यानंतर नूडल्सना हात घालायचा, आणि त्या खातानाही डोळा मांसावर ठेवायचा.

जुझो इतामी यांच्या ‘टाम्पोपो’ (१९८५) या जपानी सिनेमातला हा सुरुवातीचाच एक प्रसंग. बघताना हसू आवरत नाही. पण गुरुजींच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, आणि प्रसंग संपेपर्यंत आपणही त्या वाडग्याकडे त्यांच्याच नजरेने बघायला लागलेलो असतो. खाण्यावरचे सिनेमे जगभर पुष्कळ निघाले. पडद्यावर पदार्थ देखणा दिसणं ही तर आता रोजची गोष्ट झाली, प्रत्येकाच्या फोनमध्ये तो दिसतोच. तरीही ‘टाम्पोपो’ मला या सगळ्यांत सरस वाटतो. इतामींच्या लेखी अन्नावर प्रेम करणं म्हणजे लक्ष देणं. खाणाऱ्याने वाडग्याकडे आणि रांधणाऱ्याने खाणाऱ्याकडे. सिनेमातली सगळी गंमत आणि सगळी माया या एका गोष्टीतून येते.

गोष्ट साधी आहे. गोरो आणि गन हे दोघे ट्रकवाले पावसात ट्रक हाकत निघालेत. गन मोठ्याने पुस्तक वाचतोय. गुरुजींचा तो प्रसंग त्या पुस्तकातलाच. ऐकून दोघांच्या पोटात कावळे ओरडू लागतात आणि ते रस्त्याकडेच्या एका कळकट रामेनच्या दुकानात शिरतात. दुकान टाम्पोपो नावाच्या विधवेचं. शाळकरी मुलाला सांभाळत ती ते कसंबसं चालवते. रामेन बेताचंच. चवीत प्रामाणिकपणा आहे, पण जोर नाही, असं गोरो तिला तोंडावर सांगतो. ती रागावत नाही. मला शिकवा, म्हणते. बाहेरून आलेला माणूस गावाची घडी नीट बसवतो आणि निघून जातो, हा काउबॉयपटांचा साचा. इतामींनी तो उचलून रामेनच्या दुकानात आणला, आणि ‘रामेन वेस्टर्न’ म्हणूनच या सिनेमाची जाहिरात झाली. गोरोच्या डोक्यावरची काउबॉय टोपी तो आंघोळीच्या टबात बसला तरी उतरत नाही.

माझ्या आवडीचा भाग इथून पुढचा, टाम्पोपोच्या शिकण्याचा. गोरो तिला इतरांच्या दुकानांत नेतो ते आधी बघायला. आचारी विनाकारण किती हालचाली करतो? आलेल्या गिऱ्हाइकाकडे त्याचं लक्ष आहे का? कोणी काय मागितलं हे त्याच्या ध्यानात राहतं का? एका दुकानात एकदम घोळका शिरतो, प्रत्येकाची मागणी वेगळी, आणि टाम्पोपो त्या सगळ्या मागण्या एकही न चुकवता म्हणून दाखवते. पाण्याने भरलेली जड पातेली उचलून इकडून तिकडे ठेवायची, ती उचलता यावीत म्हणून धावायचं. हाडांचं सूप रटारटा उकळू द्यायचं नाही, नाहीतर ते गढूळ होतं. नूडल्सची युक्ती कळावी म्हणून रात्री फटीतून दुसऱ्याच्या दुकानात डोकवायचं. तयार झालेला वाडगा पुन्हा पुन्हा नापास होतो, ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. हाताला चव असते असं आपण म्हणतो आणि ती देणगी समजून सोडून देतो. इतामी ती चव कष्टाने कमावताना दाखवतात.

गोरो, गन आणि वाटेत येऊन मिळालेले आणखी तिघे, असे पाच पुरुष मिळून एका बाईला स्वयंपाक शिकवतात, यावर आक्षेप घेता येतो, आणि तो मला गैर वाटत नाही. सचिन कुंडलकर यांच्या ‘गुलाबजाम’मध्ये (२०१८) याच्या बरोबर उलट मांडणी होती. लंडनची नोकरी सोडून आलेला आदित्य पुण्यात राधाकडे मराठी स्वयंपाक शिकतो, आणि गुरुपद बाईकडे राहतं. पण टाम्पोपो कुणाच्या हातातली बाहुली नाही. शिकायचं तिने ठरवलं. नोबुको मियामोतो या भूमिकेत सुरुवातीला खांदे पाडून वावरतात, आणि शेवटाकडे पांढऱ्या टोपीत, पाठीचा कणा ताठ ठेवून, समोर बसलेल्या पाचही गुरूंच्या डोळ्यांत बघत उभ्या राहतात. हा बदल त्यांनी संवादांवर न विसंबता देहबोलीतून उभा केला आहे. मियामोतो या इतामींच्या पत्नी, आणि त्यांच्या सगळ्या सिनेमांचा आधार.

मूळ गोष्ट मध्येच सोडून कॅमेरा रस्त्यावरच्या भलत्याच माणसामागे निघतो आणि एखादा सुटा किस्सा सांगून परत येतो. असे किस्से सिनेमाभर आहेत. फ्रेंच रेस्तराँमध्ये कंपनीचे बडे साहेब बसलेत. मेनू कुणालाच वाचता येत नाही. एक जण जे मागवतो तेच बाकीचे एकामागून एक मागवतात. तोच मासा, तेच सूप, तीच बिअर. शेवटी त्यांच्या बॅगा वाहणारा कनिष्ठ कर्मचारी मेनू हातात घेतो आणि वेटरशी एकेका पदार्थाबद्दल, वाइनबद्दल मन लावून बोलू लागतो. साहेबांचे चेहरे लालबुंद. दुसऱ्या एका दालनात बायकांना आवाज न करता स्पॅगेटी खाण्याचं वळण लावलं जातंय, आणि पलीकडच्या टेबलावरचा गोरा गृहस्थ मात्र खुशाल भुरके मारतोय. थोड्याच वेळात वळण लावणाऱ्या बाईंसकट अख्खं टेबल भुरके मारू लागतं. इतामी भुकेला कधीच हसत नाहीत. ताटापेक्षा शेजाऱ्याकडे ज्याचं लक्ष जास्त, त्याला हसतात.

याउलट ज्यांच्याकडे काहीच नाही ते फुटपाथवरचे बेघर लोक या सिनेमातले सर्वांत जाणते खवय्ये. कुठल्या रेस्तराँची उरलेली वाइन चांगली, हे ते अधिकाराने सांगतात. त्यांच्यातला एक जण टाम्पोपोच्या मुलाला रात्री एका बंद स्वयंपाकघरात चोरून नेतो. टोमॅटोच्या सॉसमध्ये भात परततो, त्यावर जेमतेम आवळलेलं मऊ ऑम्लेट ठेवतो, सुरीने मधोमध चीर देतो, आणि ते उलगडून भातावर पसरतं. या प्रसंगाला शब्दांची गरजच पडत नाही. तोक्योच्या निहोनबाशी भागातल्या ताइमेइकेन या जुन्या रेस्तराँमध्ये हा पदार्थ आजही या सिनेमाच्या नावाने मिळतो.

आणि तो मरणाचा प्रसंग. नवरा धावत घरी येतो. बायको अंथरुणावर शेवटचे श्वास मोजतेय, डॉक्टर आणि मुलं भोवती. तिला कसंही करून जागं ठेवायचं म्हणून तो ओरडतो, ऊठ, स्वयंपाक कर! ती उठते. कांद्याची पात चिरते, भात परतते, ताटल्या मांडते. घरच्यांना घास घेताना बघून तिच्या चेहऱ्यावर हसू येतं, आणि ती कोसळते. नवरा रडत मुलांना बजावतो, आईच्या हातचं हे शेवटचं जेवण, गरम आहे तोवर खा. बाईला मरणाच्या दारातूनही चुलीपाशी बोलावणारं हे घर आपल्याला परकं नाही. म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो. विनोदी सिनेमात हे ठेवायला छाती लागते. हसावं की रडावं हे इतामी आपल्याला सांगत नाहीत, आणि ते त्यांनी सांगितलं नाही हेच बरं.

सगळंच मला पटतं असं नाही. एका जिवंत कासवाची मान कापण्याचं दृश्य आहे. ते काढलं असतं तरी सिनेमाचं काही बिघडलं नसतं. पांढऱ्या सुटातला गुंड आणि त्याची प्रेयसी यांचे प्रसंग लहान मुलांबरोबर बघण्यासारखे नाहीत. पण ज्या दिग्दर्शकाला खाण्यातली वासना दाखवायची आहे, त्याने ती झाकून दाखवली असती तर तो खोटेपणा झाला असता.

इतामी मूळचे नट आणि निबंधकार. पहिला सिनेमा ‘ओसोशिकी’ (१९८४) त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर केला. १९९२ साली ‘मिन्बो’मध्ये त्यांनी जपानी गुंडटोळ्यांची अब्रू काढली, तेव्हा टोळीच्या लोकांनी त्यांच्या चेहऱ्यावर सुरे चालवले. १९९७ मध्ये ते गेले. ‘टाम्पोपो’तला तो गुंड म्हणजे पुढे ‘परफेक्ट डेज’साठी २०२३ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेले कोजी याकुशो. आणि गन झालेला पोरगेला नट म्हणजे ‘द लास्ट सामुराई’चे केन वातानाबे.

२०१६ मध्ये सिनेमाची नव्याने दुरुस्त केलेली प्रत निघाली, त्यामुळे तो घरी बघणं अवघड नाही. पण आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांना माझी विनंती आहे की त्यांनी तो थिएटरात दाखवावा. सिनेमा सुरू होतो तेव्हा याकुशो एका थिएटरात पहिल्या रांगेत येऊन बसतात, आपल्याकडे रोखून बघतात आणि विचारतात, तुम्हीही सिनेमाला आलात? मागच्या रांगेत कुरकुर आवाज करत वेफर्स खाणाऱ्याला ते दमही देतात. हा प्रसंग भरलेल्या अंधाऱ्या सभागृहासाठी लिहिलेला आहे, आणि चार भिंतींत एकट्याने बघितला तर तो अर्धाच पोहोचतो. प्रयोग जेवणाच्या वेळेआधी ठेवा, म्हणजे प्रेक्षक भुकेले येतील.